टेम्पोभर पेशंट

मेडिकलची यादी लागली तेव्हा माझं नाव तिच्यात नव्हतं. थोडक्यात हुकलं होतं. दुसऱ्या यादीत मात्र होतं, डेंटलला, नाशिकच्याच कॉलेजात आणि फ्री सीटवर, म्हणजे सरकारी फीत. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. आमच्या पिंपळगाव बसवंतात तेव्हा दात दुखला की लवंग दाबायची, फारच दुखला तर बाजारात जाऊन उपटून यायचं, एवढीच दातांची डॉक्टरकी लोकांना माहीत होती. त्यामुळे बातमी ऐकून माझं अभिनंदन करावं की समजूत घालावी, हे कुणालाच कळेना. आत्या तेवढी म्हणाली, "दातांची तर दातांची. बत्तीस असत्यात, कुठला ना कुठला दुखतच राहतो माणसाचा."

आप्पा, म्हणजे माझे वडील, टेम्पो चालवायचे. हंगामात द्राक्षं, एरवी कांदा. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली.

"पुस्तकं जाड असत्यात का?"

"असतात."

"मग बरंय," ते म्हणाले आणि टेम्पोची काच पुसायला गेले.

आई द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होती. तिने माझी गादी उसवली, कापूस पिंजून आणला आणि होस्टेलसाठी पुन्हा भरून दिली.

पहिल्या वर्षी आम्हाला दात कोरायला लावायचे. बोटभर लांबीचा मेणाचा ठोकळा द्यायचे, एक छोटा चाकू, आणि समोर खरा दात. तो बघून त्याच्या दुप्पट मोठा दात मेणात कोरायचा. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या हातून दोन महिने एकही दात धड झाला नाही. आमच्या मॅडम हळू आवाजात बोलायच्या, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं. एकदा माझी दाढ त्यांनी तळहातावर घेतली आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली.

"ही वरची पहिली दाढ का?"

"हो मॅडम."

"माणसाची?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण संध्याकाळी होस्टेलवर जाऊन रडले.

सरावासाठी खरे दात प्रत्येकाने आपापले जमवायचे असत. शहरातल्या मुलामुलींच्या ओळखीचे डॉक्टर होते. माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. हे मी आप्पांना सहज बोलून गेले. पंधरा दिवसांनी ते होस्टेलच्या फाटकाशी उभे, हातात लोणच्याची काचेची बरणी. निम्मी बरणी दातांनी भरलेली. वणीच्या बाजारात दात उपटणारा एक म्हातारा फडकं टाकून बसायचा. आलेल्या गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून उपटलेल्या दातांचा ढीग तो पुढ्यात मांडून ठेवायचा. आप्पा कांदा पोचवून परत येताना त्याच्यासमोर जाऊन बसले. मुलगी दातांचं शिकते, तिला दात लागतात, असं सांगितलं. म्हाताऱ्याने आधी विश्वास ठेवला नाही. मग विचारलं, "पोरगी शिकून काय करणार?"

"दात वाचवणार म्हणती," आप्पा म्हणाले.

"म्हणजे माझा धंदा बसवणार," असं म्हणून तो हसला आणि ओंजळी भरभरून दात त्याने बरणीत ओतले. ती बरणी टेम्पोच्या काचेपाशी, देवाच्या फोटोखाली ठेवून आप्पा नाशिकला आले होते. वर्गात दातांच्या बाबतीत माझ्याइतकं श्रीमंत त्यानंतर कुणी नव्हतं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ते औषधात बुडवून निर्जंतुक केले आणि मी मैत्रिणींना वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत मेण आणि चाकू घेऊन घरी आले. ओट्यावर बसून कोरत होते. आई निवडण घेऊन शेजारी बसली. ती दर पोळ्याला गल्लीतल्या पोरांना मातीचे बैल करून द्यायची, आणि तिचे बैल नुसते उभे नसायचे, चालायला निघाल्यासारखे दिसायचे. बराच वेळ माझ्या हाताकडे बघून ती म्हणाली, "तू एकाच अंगाने पाहू राहिली. बैल करताना मी आधी शिंगं नाय करत. आधी त्याचं पोट किती फुगलंय ते बघते. पोट जमलं की बाकीचं जमतं."

"हा दात आहे आई, त्याला पोट कुठलं?"

तिने खरी दाढ उचलली, बोटांत फिरवली, डोळे मिटून चाचपली. "हे काय," ती म्हणाली. आणि खरंच, दाढेच्या एका बाजूला तो फुगवटा होता. पुस्तकात त्याचं नाव होतं, आकृती होती, परीक्षेला मी ती काढलीही असती. पण बोटाला तो त्या दिवशी पहिल्यांदा लागला. आईने निवडण बाजूला सारून एक ठोकळा स्वतः कोरला. तिचा दात मापात नव्हता, पण घास चावेल असा होता. माझे मापात होते, पण चावले नसते. सुट्टीवरून परत गेल्यावर मी केलेली दाढ मॅडमनी फिरवून पाहिली आणि टेबलावर ठेवली. मॅडम काही बोलल्या नाहीत, हीच त्यांची शाबासकी.

दुसऱ्या वर्षी मी नापास झाले. औषधशास्त्रात. आमच्या बॅचची ॲडमिशनं कोर्टकज्ज्यांमुळे लांबली होती, त्यामुळे परीक्षाही हिवाळ्यात व्हायच्या. निकाल जानेवारीत लागला आणि पुढची परीक्षा उन्हाळ्यात. मधले पाच महिने माझ्याबरोबरच्या मुली पुढच्या वर्षात जाणार आणि मी घरी. एसटीतून उतरले तेव्हा आप्पा स्टँडवर आलेले होते.

"किती विषय राहिले?"

"एक."

"एकच ना," म्हणून त्यांनी माझी पिशवी उचलली.

आई म्हणाली, "उद्यापास्नं माझ्याबरोबर चल. घरी बसली तर रडशील नुसती."

म्हणून मी पॅकहाउसला जाऊ लागले. लांबलचक गार हॉल, डोक्याला टोप्या घातलेल्या बायका, टेबलांवर द्राक्षांचे घड. निमुळत्या कात्रीने घडातले बारके, डागी मणी काढून टाकायचे, आकार बघून घड वेगळे करायचे. हात चालू आणि तोंडही चालू. तिथे माझं नाव पडलं, 'अर्धी डॉक्टरीण'. ते पाडलं आईच्या शेजारच्या टेबलावरच्या मावशीने. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड अशी ती बाई. हॉलच्या या टोकाला बोलली की त्या टोकाला ऐकू जायची. नापास झाल्याचं मला लपवावंसं वाटत होतं. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "कशात बसली बाई तू?"

"औषधांच्या विषयात. नावं लक्षात राहत नाहीत."

"मग आमाला सांग की. तीस बाया हाव, प्रत्येकीला एक एक औषध वाटून दे."

गंमत म्हणून मी ते केलं. एकीला ताप उतरवायचं, एकीला जंतूंचं, एकीला बधिर करायचं. सकाळी आत शिरताना मावशी हाजरी घ्यायची. "ए, तू कोण?" की ती बाई आपलं औषध वेडंवाकडं का होईना सांगायची, आणि ते कशावर, कुणाला द्यायचं नाही, हे मी सांगायचं. हंगाम संपेपर्यंत सगळं पुस्तक त्या हॉलमध्ये बसलेलं होतं. टेबल आठवलं की औषध आठवायचं.

चार वाजता चहाची सुट्टी झाली की बायका पाण्याच्या टाकीमागे जायच्या. कनवटीच्या डब्या निघायच्या. मशेरी. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड. बोटावर घेऊन दातांवरून, हिरड्यांवरून सावकाश फिरवायची. माझी आईही त्यात असायची. लहानपणापासून मी ते पाहत आले होते, पण आता मला ते वेगळं दिसत होतं. त्यांच्या दातांच्या मुळाशी दगडासारखं किटण बसलेलं होतं, हिरड्या सुजून मागे सरकलेल्या. मावशीचे खालचे पुढचे दात जिभेनेसुद्धा हलायचे.

"मावशी, ही मशेरी बंद कर."

"दात हालत्यात म्हणून तर लावते ना."

"लावते म्हणून हलतात."

"ऱ्हाऊ दे. तू आधी पास हो, मग सांग."

जूनमध्ये मी पास झाले.

शेवटच्या वर्षाला हिरड्यांच्या विभागात आमचं काम लागलं. ते काम म्हणजे हातातल्या बारीक आकड्यांनी किटण खरवडून काढायचं, स्केलिंग. प्रत्येकाला ठरावीक पेशंट करायचे असत आणि वहीवर सरांची सही घ्यायची असे. वही पूर्ण नसेल तर परीक्षेला बसता यायचं नाही. पण दात साफ करून घ्यायला येतं कोण? दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी कुणी चढत नाही. केसपेपरच्या खिडकीशी आम्ही घिरट्या घालायचो. एखादा पेशंट दिसला की चौघं त्याला धरायचो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करणारा मुलगा गंगापूर रोडला राहणारा, अगदी मवाळ. पेशंटच्या बाबतीत त्याचे माझ्याहून वाईट हाल होते, कारण तो सगळ्यांना "आधी तुम्ही घ्या" म्हणायचा.

एका रविवारी घरी जेवताना मी हे सांगत होते. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "किती माणसं लागत्यात?"

"मिळतील तेवढी."

"दात उपटायचे नाय ना?"

"नाही, फक्त साफ करायचे."

तो तुकडा त्यांनी कालवणात बुडवला. आईने त्यांच्याकडे पाहिलं, एवढं मला आठवतं.

त्या आठवड्यात गुरुवारी अमावस्या होती. अमावस्येला आमच्याकडे मार्केट बंद असतं, पॅकहाउसला सुट्टी असते, टेम्पो उभे असतात. सकाळी दहाच्या सुमाराला वॉचमन धावत विभागात आला. "मॅडम, खाली टेम्पो आलाय भरून. तुमचं नाव घेऊ राहिलेत. काही अपघात झाला का हो गावाकडं?"

मी हातातलं तसंच टाकून निघाले. जिने उतरून खाली गेले तर फाटकाच्या आत आप्पांचा टेम्पो उभा होता. धुतलेला. मागच्या फळीला द्राक्षांचं प्लास्टिकचं कॅरेट उलटं ठेवून त्यावर पाय देत एकेक बाई उतरत होती. ठेवणीतली लुगडी, पातळं, नाकात नथी, हातात भाकरीची फडकी. एकवीस जणी. मावशी मधोमध उभी राहून मोजत होती. आई केबिनमधून उतरली आणि मला बघून तिने पदर सारखा केला, जणू मीच पाहुणी होते.

"अगं, आज अमावस्या," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"तेच मी म्हणू राहिले व्हते," एक बाई म्हणाली, "अमावस्येला दातांना हात लावू नये."

"दात काढायचे न्हाईत, घासायचे हायेत," मावशी म्हणाली. "अमावस्येला घर झाडत नाय का तू?"

वरती केसपेपरच्या खिडकीशी रांग लागली. कारकून नाव, वय, धंदा विचारत होता. पहिल्या दोघी "धंदा काय, घरीच" म्हणाल्या. मावशीने त्यांना बाजूला सारलं. "लिहा साहेब, द्राक्षं परदेशात धाडती. सगळ्यांच्या पुढं तेच लिहा." त्याने एकवीस कागदांवर तसं लिहिलं.

आमचे विभागप्रमुख सर फार शिस्तीचे होते. दारात येऊन ते त्या रांगेकडे बघत राहिले.

"ह्या सगळ्या कुणाच्या?"

"माझ्या, सर."

"सगळ्या?"

"हो सर. ती शेवटची माझी आई, पण ती करून घेणार नाही म्हणते. नुसती बरोबर आलीय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सगळ्या खुर्च्या उघडा," ते म्हणाले. "खालच्या वर्गातली मुलंही बोलवा मदतीला. आज लेक्चर नाही."

माझ्या खुर्चीवर मावशी बसली. मी एकेक दात धरून खरवडत होते आणि किटणाचे काळे तुकडे कापसावर काढून ठेवत होते. अर्ध्या तासाने तिने हात वर केला, चूळ भरली आणि ते तुकडे पाहिले. "हे माझ्या तोंडात व्हतं?" मग तिने आरसा मागितला. इथे गडबड झाली. किटण निघालं की त्याच्या आधाराने उभे असलेले दात मोकळे वाटतात, मधल्या फटी दिसतात. ते मला माहीत होतं, पण आधी सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं. मावशीने जीभ फिरवली, फटीत घातली, आणि तिचा तो हॉलभर ऐकू जाणारा आवाज विभागात घुमला.

"पोरीने माझे दात ढिले केले."

सगळं थांबलं. बाकावर वाट बघणाऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दोघींनी आपली भाकरीची फडकी उचलली. एक दाराकडे निघालीही. सर काही बोलणार तेवढ्यात बाकाच्या टोकाहून आई उठली. मला वाटलं ती माझ्या खुर्चीकडे येतेय. मी हातमोजे बदलायला घेतले. पण ती माझ्यासमोरून गेली आणि शेजारच्या मवाळ मुलाच्या खुर्चीवर बसली.

"माझे काढ बाबा," ती त्याला म्हणाली. "समदे काढ. काय ठेवू नको."

तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. पाऊण तास आई तोंड उघडून बसली. मुठी आवळलेल्या, डोळे छताकडे. बायका बाकावर बसल्या होत्या, पण फडकी मांडीवर घेऊन, कधीही उठता येईल अशा. काम संपल्यावर आईने चूळ भरली, हिरड्यांवरून जीभ फिरवली. मग सगळ्या बायकांसमोर उभी राहून तिने ओठ बाजूला करून दात दाखवले.

"दगड निघाला," ती म्हणाली. "भिंत जागेवर हाय."

फडकी खाली गेली. मावशीने पुन्हा आरसा मागितला, बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाली, "राहिलेलं कर. अर्ध्यावर नको सोडू." त्या वेळी मी तिला नीट समजावून सांगितलं, की हे दात आधीच सुटलेले होते, किटणाने फक्त ते झाकलं होतं, आता हिरडी आवळेल आणि थोडा आधार येईल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे आधी सांगायला काय झालं व्हतं?" पेशंटला आधी सांगावं हा धडा मला तिथे मिळाला, आणि आजवर मी तो विसरलेले नाही.

दुपारी अंगणातल्या गुलमोहराखाली पंगत बसली. भाकऱ्या, ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी. आमच्या बॅचमधल्या मुंबईच्या मुलींनी हातावर भाकरी घेऊन पहिल्यांदाच अशी खाल्ली. बायकांना थंड पाण्याने दातांत कळ यायची, मग एकमेकींकडे बघून हसायच्या. सरांनाही एका बाईने भाकरी नेऊन दिली. ते ऑफिसात बसून खातील असं वाटलं होतं, पण ते बाहेर पायरीवर बसून जेवले. मी आईशेजारी बसले.

"माझ्या खुर्चीवर का नाही बसलीस?"

ती भाकरीचा पापुद्रा काढत राहिली. मग म्हणाली, "दात घासले नाय म्हणून तुला किती मारलंय मी लहानपणी. आन माझंच तोंड असं. तुझ्यापुढं कसं उघडू?"

मी तिच्या भाकरीवरचा कांदा उचलला, तिने माझ्या हातावर चापट मारली, आणि आम्ही दोघी हसलो.

चार वाजेपर्यंत आई धरून बावीस जणी झाल्या. माझ्या एकटीची नाही, सगळ्या बॅचची वही पुढे सरकली. त्या मवाळ मुलाने तर आईला वाकून नमस्कार केला. बायका म्हणाल्या, आता आलोच आहोत तर गोदावरीवर जाऊन येऊ. सरांनी मला जायला परवानगी दिली आणि मीही टेम्पोत मागे चढले. पंचवटीत गर्दी होती. पाण्यात पाय सोडून सगळ्या बसल्या. परतताना टेम्पोत कुणीतरी कुणाच्या तरी सासूची नक्कल केली आणि सगळ्या हसायला लागल्या. एरवी त्या हसल्या की पदर तोंडावर जायचा. त्या दिवशी तो खांद्यावरच होता. आडगावच्या पुढे मोकळा वारा आत यायला लागला तरी कुणी तोंड मिटलं नाही.

मशेरी मात्र एका दिवसात सुटली नाही. आईने ती सोडल्याचं जाहीर केलं आणि अकरा दिवसांनी पुन्हा सुरू केली. मी चिडले. ती म्हणाली, "तू सांगती तशी एकदम नाय सुटायची. मला माझ्या पद्धतीने सोडू दे." तिची पद्धत अशी, की आधी दुपारची सोडायची, कारण तेव्हा बोलायला माणसं असतात आणि हात कामात असतात. मग रात्रीची. सकाळची सगळ्यांत शेवटी. तिला आठ महिने लागले. पॅकहाउसमधल्या काही जणींनी तिच्या मागोमाग सोडली, काहींनी नाही. मावशी सकाळच्या एका वेळेपर्यंत येऊन अडकली होती.

शेवटच्या परीक्षेला पेशंट म्हणून मी मावशीलाच बोलावलं. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा पेशंट आणायचा असतो, परीक्षकांसमोर त्याची तपासणी करायची आणि प्रश्नांना तोंड द्यायचं. पेशंट आला नाही तर परीक्षा गेली. मावशी पहिल्या एसटीने आली आणि सात वाजल्यापासून विभागाच्या बंद दारासमोर बसून राहिली. मी पोचले तेव्हा माझ्यापेक्षा तिलाच जास्त धडधडत होतं.

"मी काय बोलायचं?"

"काही नाही. विचारलं तर खरं सांग."

बाहेरगावहून आलेले परीक्षक वयस्कर होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी मावशीच्या हिरड्या पाहिल्या, मान डोलावली आणि मला विचारलं, "या पेशंटला तंबाखूची सवय आहे. तुम्ही काय सल्ला द्याल?"

मी पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. दुष्परिणाम समजावून सांगणे, तात्काळ बंद करण्यास प्रवृत्त करणे.

परीक्षक मावशीकडे वळले. "काय मावशी, पटतंय का?"

मी तिला खरं सांग म्हणाले होते. तिने सांगितलं. "साहेब, ही म्हणती सोड. सासू म्हणायची लाव. दोघींचं ऐकून मी एका टायमावर आले. पण सकाळची लावल्याबिगर परसाकडला होत नाय. त्याचं काय ते पुस्तकात हाय का, विचारा हिला."

शेजारच्या टेबलावरचा मुलगा खोकल्यासारखं करून हसला. परीक्षक हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रश्न रास्त आहे. उत्तर द्या."

पुस्तकात खरंच नव्हतं. मग मी सांगितलं की सकाळची वेळ शेवटी सोडवायची असते. आधी उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, मग थोडं चालणं, आणि मशेरी त्यानंतर; रोज थोडी उशिरा, थोडी कमी. पोटाला पाण्याची सवय लागली की मशेरीची गरज नसल्याचं तिचं तिलाच कळेल. एकदम सोडायला लावलं तर अकरा दिवसांनी पुन्हा सुरू होते.

"अकराच का?"

"आमच्या घरी अकरा दिवसांनी झाली होती, सर."

"कुणाची?"

"आईची. आता सुटली. तिनेच ही पद्धत काढली."

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि टेबलावरचं एक हत्यार उचलून त्याचं नाव विचारलं. ते मला आलं नाही. बाहेर आल्यावर मी रडकुंडीला आले होते. मावशी म्हणाली, "एका चमच्याचं नाव नाय आलं म्हणून काय झालं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तर आलं ना तुला." आम्ही सीबीएस स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तिखट तर्री तिच्या हिरड्यांना झोंबली नाही, हे तिने मला तीनदा सांगितलं, आणि माझ्या मते तो त्या दिवसाचा खरा निकाल होता.

विद्यापीठाचा निकाल दीड महिन्याने लागला. बोर्डासमोर गर्दी होती. माझा नंबर मी दोनदा वाचला, मग मैत्रिणीकडून वाचून घेतला. पास. बी.डी.एस. वर्षभराची इंटर्नशिप राहिली होती, पण परीक्षा म्हणून काही उरलं नव्हतं. मी कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवर गेले आणि पॅकहाउसला फोन लावला. सुपरवायझरने आईला बोलावलं. तिच्या धापा ऐकू येत होत्या, ती धावत आली असणार.

"आई, झाले पास. डिग्री मिळाली."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. मग रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा खट्ट आवाज आला, पण फोन कट झाला नाही. ती ठेवायचं विसरून आत गेली होती. तिचं बोलणं मला लांबून ऐकू यायला लागलं. एका टेबलापाशी थांबून सांगायची, मग पुढच्या. शब्द कळत नव्हते, फक्त दर वेळी बायकांचा गलका उठायचा, आणि तो हळूहळू हॉलच्या पार टोकापर्यंत गेला. मावशीचा आवाज तर फोनशिवायही ऐकू आला असता. कुणीतरी हसत होतं, कुणीतरी पेढ्यांचं विचारत होतं. मी काचेच्या त्या चिंचोळ्या खोक्यात रिसिव्हर कानाला लावून एक शब्द न बोलता उभी होते.

बूथवाल्या काकांनी काचेवर टकटक केली. "काय ताई, झालं का बोलणं?"

"नाही काका," मी म्हणाले. "चालू आहे अजून."